धाकटीची खोली

कवळीकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी दिलं असं ते सांगत, पण खरं म्हणजे ते त्यांच्या बायकोनंच पाडलं होतं आणि मग जिन्यातून वरखाली पसरवलं होतं. नावात खोटं काही नव्हतं. उभी हयात त्यांनी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात घालवली. डॉक्टर माप पाठवायचे, काका मेणात एकेक दात बसवायचे, आणि ज्यांचं तोंड त्यांनी जन्मात पाहिलं नाही अशी माणसं त्यांच्या जिवावर सफरचंदं खायची. पुढे हे काम मशिनं करायला लागली, लॅबनं काकांना निरोप दिला आणि काका घरी बसले. घरी बसले म्हणजे, काकूंच्या भाषेत, पायात पायात यायला लागले. डबे उघडून बघ, नळाचे वॉशर बदल, चांगल्या चालणाऱ्या मिक्सरचं पोट फाड, असे त्यांचे उद्योग सुरू झाले.

त्यातून त्यांची सुटका झाली ती जुन्या बाजारात मिळालेल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरमुळे. आत्ताचे कॉम्प्युटर नव्हेत, पूर्वी घरी टीव्हीला जोडून चालवायचे ते. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात, आणि प्रोग्रॅम चढवायचा तो टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट घालून. त्यांची मेमरी इतकी थोडी की आजच्या फोनला ऐकूनही हसू येईल. पण ही यंत्रं जिवापाड जपणारे लोक आहेत, आणि त्यांच्यातल्याच काही हौशी मंडळींनी मेमरी वाढवायचे छोटे बोर्ड तयार केले आहेत. यंत्र उघडायचं, मूळ चिप तिच्या सॉकेटातून अलगद उचलायची, त्या जागी बोर्ड बसवायचा आणि चिप त्या बोर्डाच्या डोक्यावर बसवायची. झालं. सांगायला सोपं आहे.

करायला गेलं की लोकांची फजिती होते ती झाकणापाशी. आत एक मजला वाढलेला असतो आणि झाकण काही केल्या खाली बसत नाही. मग कोणी झाकणाच्या आतले खुंट कापतात, कोणी कानस चालवतात, आणि एका निवृत्त न्यायाधीशांनी तर झाकणाला सरळ खिडकीच पाडून आणली होती. काका त्यांच्यासमोर अवाक्षर बोलले नाहीत, पण त्या रात्री त्यांना जेवण गोड लागलं नाही. त्यांचा नियम एकच. झाकण पूर्वी जसं बसत होतं तसं बसलं पाहिजे, आणि आत नवा पाहुणा राहायला आलाय हे बाहेरून कोणाला कळता कामा नये. त्यासाठी ते बोर्डाच्या पिना घासायचे, सॉकेट बुटकं करायचे, दिवसदिवस भिंगातून बघत बसायचे. हळूहळू त्यांचं नाव झालं. दुसऱ्या गावांहून खोकी यायला लागली, आणि काकूंना त्यांचं स्वयंपाकघर परत मिळालं.

हे सगळं चालायचं घरातल्या तिसऱ्या खोलीत. खोली कसली, खोका होता तोही. दार उघडताना शेवटी जमिनीला घासायचं, म्हणून जरासं उचलून लोटावं लागे. समोर खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या आणि त्यांच्यावर दिवसभर भांडणारी कबुतरं. भिंतीत फार उंचावर एक खिळा होता, तो कोणी आणि कशासाठी ठोकला हे कोणालाच माहीत नव्हतं. खिडकीखाली काकांचं टेबल, टेबलावर मान वाकवणारा दिवा, आणि बाकी सगळीकडे उघडी यंत्रं. काका त्या खोलीत शीळ घालायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी काकूंनी त्यांची शीळ ऐकली ती तिथेच पहिल्यांदा.

तर आता घोडं पेंड खात होतं ते ह्याच खोलीवर.

काकूंना एक धाकटी बहीण होती. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, आता तिचे केस पिकले तरी. एकटी राहायची, शहराच्या दुसऱ्या टोकाला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. ह्या वर्षी ती जिन्यावरून घसरली आणि पाय मोडून घेतला. प्लास्टर निघालं, चालायलाही लागली, पण काकूंचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. रोज फोन. रोज एकच धोशा, की आमच्याकडे राहायला ये. आणि धाकटीचं रोज एकच उत्तर:

"ताई, तुमच्याकडे जागा कुठे आहे? माझ्यासाठी कोणी सरकायचं नाही. सांगून ठेवते."

हे ती लहानपणापासून म्हणायची. माहेरचं घर दोन खोल्यांचं. एकीत आईवडील, दुसरीत आजी आणि ताई, आणि धाकटीचं अंथरूण दोन्हींच्या मधल्या बोळात. येणारा-जाणारा तिला ओलांडून जायचा. तिनं कधी तक्रार केली नाही. ती फक्त कोणालाही सरकू द्यायची नाही, अगदी बसमध्येसुद्धा उभी राहायची.

फोन ठेवला की काकू काकांकडे वळायच्या. "अख्ख्या दुनियेच्या मशीनमध्ये जागा काढता ना? आता घरात एक काढून दाखवा."

"बघू," काका म्हणायचे.

त्या घरात काकांच्या 'बघू'चा अर्थ भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होता. पण काका मनानं वाईट नव्हते. धाकटी त्यांना मनापासून आवडायची. त्यांच्या विनोदांना न चुकता हसणारं माणूस साऱ्या सासरवाडीत ती एकटीच. प्रश्न टेबलाचा होता. खोली गेली की टेबल गेलं, टेबल गेलं की काम गेलं, आणि काम गेलं की पुन्हा मिक्सर. ह्याची त्यांना धास्ती वाटायची, आणि एवढ्या वयाला टेबलासाठी धास्ती वाटते हे बोलून दाखवायची लाज वाटायची. म्हणून बघू.

एके दिवशी दुपारी काकू स्टुलावर चढल्या आणि त्यांनी कपाटाच्या माथ्यावरून एक गाठोडं खाली काढलं. त्या गाठोड्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं. दोघी बहिणींचा, त्यांच्या शाळकरी वयातला कॉम्प्युटर, आणि त्याच्यासोबत एक कॅसेट. काकांनी आजवर शेकडो यंत्रं उघडली असतील, पण ह्या एकाला हात लावायची त्यांना बंदी होती. "तो माझा एकटीचा नाही," एवढंच काकू सांगायच्या. झाकणावर एका कोपऱ्यात ताईनं चिकटवलेलं बदक होतं, दुसऱ्या कोपऱ्यात धाकटीनं पिनेनं कोरलेली मांजर.

"ह्यात मेमरी घाला," काकू म्हणाल्या. "पण बदक आणि मांजर, दोघांना खरचटता कामा नये."

"अगं, पण आत्ताच काय अडलंय?"

मग काकूंनी सांगितलं. दोघींनी मिळून ह्या यंत्रावर एक खेळ लिहिला होता. आपलंच घर, पण मनासारखं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत खोलीचं वर्णन यायचं, तुम्ही 'पुढे जा', 'डावीकडे जा' असं टाइप करायचं की पुढची खोली. आजीची खोली लिहून झाली, आईबाबांची झाली, ताईची झाली, बोळ झाला. बोळाच्या टोकाला एक दार लिहिलं, त्यापलीकडे धाकटीची खोली यायची होती. तिच्या पहिल्याच ओळीला यंत्रानं सांगितलं, मेमरी संपली. दोघींनी शब्द छाटून पाहिले, आजीचं कपाटसुद्धा काढून टाकलं, पण जागा काही होईना. शेवटी ताईनं त्या दारावर 'दार बंद आहे' असं लिहून टाकलं.

"तेव्हा काय म्हणाली माहितीये? म्हणाली, खऱ्या घरात नाही, खोट्या घरातही नाही. आणि हसली हो. रडली असती तर मी विसरून गेले असते." काकूंनी बदकावरची धूळ पदरानं पुसली. "रविवारी ती जेवायला येतेय. त्याच्या आत मला ते दार उघडायचंय."

"आणि दार उघडलं म्हणून ती राहायला येईल?"

"ते नाही मला माहीत. पण जिला आपण साध्या चार ओळींची खोली दिली नाही, तिला कुठल्या तोंडानं म्हणू, ये म्हणून?"

ह्यावर काका बघू म्हणाले नाहीत. त्यांनी गाठोडं उचललं, दार उचलून लोटलं आणि टेबलावरची बाकीची यंत्रं बाजूला सारली.

ह्या जातीच्या यंत्राची एक खोड असते. कीबोर्ड झाकणालाच असतो आणि दोन पातळ पट्ट्यांनी तो खालच्या यंत्राला जोडलेला असतो. इतक्या वर्षांत त्या पट्ट्या वाळक्या पानासारख्या होतात. झाकण जरा जास्त उचललं, की कडकन तुटल्या. काकांनी झाकण पुस्तकासारखं कडेवर उभं केलं, श्वास रोखून. मग चिप उचलली, बोर्ड दाबला, त्यावर चिप बसवली. बोर्ड त्यांनी चार वेळा मोजून निवडला होता. वरती बोटभर नाही, पण नखभर जागा शिल्लक राहत होती. झाकण तसंच उभं ठेवून त्यांनी टीव्हीला जोडणी केली. पडदा उजळला आणि यंत्रानं मेमरीचा नवा आकडा सांगितला, जुन्याच्या तिप्पट.

"बघ!" काका म्हणाले. काकूंनी कधी नव्हे ते त्यांच्या पाठीवर थाप मारली.

मग त्यांनी झाकण लावलं, स्क्रू आवळले आणि यंत्र सुरू केलं. पडदा काळा.

झाकण उघडलं, सुरू. लावलं, बंद. काकांनी घाईघाईनं वीज काढली. कीबोर्डच्या खाली एक पत्रा असतो, तो आत कुठेतरी बोर्डाला टेकत होता हे उघड होतं, पण कुठे? त्यांनी मध्ये प्लॅस्टिकचा कागद घातला, तर झाकणाला पोट सुटलं. बोर्ड काढून पुन्हा बसवला. पट्ट्या करकरल्या, तसा काकांच्या कपाळाला घाम आला. एक मात्र त्यांना दिसत होतं: झाकणाच्या आतल्या बाजूला, बरोबर मांजरीच्या खाली, दोन खुंट होते. ते कापले असते तर पत्र्याला वर सरकायला जागा मिळून प्रश्न सुटला असता. त्यांनी पक्कड हातात घेतली, आणि त्या न्यायाधीशांची आठवण होऊन खाली ठेवली. मग परत उचलली.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी पक्कड पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला, पण त्या रागावल्या नाहीत. "झाकण लावल्यावर नक्की कुठे टेकतंय, ते कळायला काही मार्ग नाही का?"

"झाकण लावल्यावर आतलं दिसणार कसं?" काका वैतागून म्हणाले, आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच थांबले.

कारण हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर सोडवला होता. तोंड उघडं असताना कोणतीही कवळी छान बसते; ती टोचते तोंड मिटल्यावर, आणि मिटलेल्या तोंडाच्या आत बघता येत नाही. म्हणून तर दातांचे डॉक्टर तो निळा कागद चावायला देतात. जिथे दात जास्त उंच, तिथे निळा डाग. आणि आपण इथे टेबलावर बसून उघड्या तोंडाचं माप घेतोय! स्क्रू आवळले की झाकण आणखी केसभर खाली जातं, ते आपण धरलंच नाही! कवळीवाल्याकडून ही चूक व्हावी ह्याची काकांना इतकी लाज वाटली की ते एकटेच मोठ्यानं हसले.

लॅबमधून निघताना आणलेल्या डब्यात निळ्या कागदाचं एक पाकीट अजून होतं. काकांनी एक पट्टी बोर्डावर अंथरली, झाकण टेकवलं, स्क्रू आवळले, पुन्हा सोडवले. कीबोर्डच्या पट्ट्या टिकल्या. झाकण उभं करून भिंगातून बघितलं तर पत्र्यावर एकच निळा ठिपका, आणि बोर्डावर त्याच्या बरोबर खाली ज्वारीच्या दाण्याएवढा एक पिवळा कपॅसिटर, आपल्या दोन तारांच्या पायांवर ताठ उभा. एवढंच त्याचं दुखणं होतं. काकांनी चिमट्यानं त्याला हळूच आडवं झोपवलं, त्याच्या पायांखाली चिकटपट्टीचा तुकडा सारला आणि झाकण लावलं. खुंट, बदक, मांजर सगळं जागच्या जागी. पडदा उजळला. काकांनी शीळ घातली.

त्यानंतर काकूंनी त्यांना त्यांच्याच खोलीतून बाहेर काढलं. "तुम्ही वाचायचं नाही," असं बजावून त्यांनी दार लावून घेतलं. आतून दोन बोटांनी टाइप केल्याचा आवाज येत राहिला, मध्येच पुटपुटणं, मध्येच नाक शिंकरणं. काका बाहेर बोळात येरझारा घालत होते. त्यांच्या घरालाही एक बोळ होता, बाहेरच्या दारापासून आतपर्यंत, आणि त्यात चपलांच्या मांडणीशिवाय काही नव्हतं. मध्येच काकूंनी दार किलकिलं करून त्या बोळाकडे एक नजर टाकली आणि दार पुन्हा लावलं. काका काय ते समजले नाहीत.

रविवारी धाकटी आली. जिना चढताना तिनं काकांचा हात नाकारला, वर येऊन दम खात म्हणाली, "भावोजी, कवळ्या झाल्या, आता पायही बनवायला लागा." जेवणं झाली. मग काकूंनी तिला तिसऱ्या खोलीत नेऊन टीव्हीसमोर बसवलं.

यंत्र पाहिल्याबरोबर धाकटीनं मांजरीवरून बोट फिरवलं. "अगं बाई, आहे अजून!" कॅसेट चढली, घर उभं राहिलं. ती टाइप करत आजीच्या खोलीत गेली, आईबाबांच्या खोलीत गेली, ताईच्या खोलीला तिनं नाक मुरडलं. मग ती बोळात आली. तिथे तिची बोटं थांबली.

"ह्याच्या पुढे दार बंद आहे," ती म्हणाली. "मला पाठ आहे."

"एकदा ढकलून तर बघ," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात पदर गच्च धरलेला होता.

धाकटीनं 'दार उघड' असं टाइप केलं. एक क्षण काहीच झालं नाही. मग पडद्यावर ओळी यायला लागल्या, आणि धाकटी त्या मोठ्यानं वाचू लागली.

"ही धाकटीची खोली आहे. दार जमिनीला घासतं, जरासं उचलून लोट. समोर खिडकी आहे. खिडकीबाहेर पाण्याच्या टाक्या आणि कबुतरं. भिंतीत एक उंच खिळा आहे, तो कशासाठी आहे ते तूच ठरव. खिडकीखाली पलंग आहे. ही खोली कोणाला सरकवून काढलेली नाही. ती तुझ्यासाठी थांबली होती."

वाचता वाचता धाकटीनं मान वर केली. खिडकीकडे पाहिलं, टाक्यांकडे पाहिलं, भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं.

काकांनीही पाहिलं. त्यांची खोली, सगळीच्या सगळी, खिळ्यासकट. फक्त खिडकीखाली टेबल नव्हतं, तिथे पलंग होता. बायकोनं आपल्याला न विचारता आपलं टेबल पुसून टाकलं, आणि तेही आपणच काढून दिलेल्या जागेत! त्यांना वाईट वाटलं, आणि रागही आला. पण धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिनं ते पुसलंसुद्धा नव्हतं. त्यामुळे राग धरून ठेवणं काही त्यांना जमेना.

"आता परत बोळात जा," काकू हळूच म्हणाल्या. बोलल्या धाकटीशी, पण बघत होत्या काकांकडे.

धाकटीनं 'मागे जा' असं टाइप केलं. बोळही बदलला होता.

"हा बोळ आहे. इथे कोणी झोपत नाही. इथे एक टेबल आहे, त्यावर मान वाकवणारा दिवा. एक माणूस झाकण बसवतो आहे. तो शीळ घालतो, ती सगळ्या घराला ऐकू येते."

काकांनी त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या. मग ते उठले, खणातून मापाची पट्टी काढली आणि बाहेर गेले. बोळात त्यांनी चपलांची मांडणी उचलून बाजूला ठेवली, पट्टी भिंतीला लावली, आणि मग थांबून बाहेरचं दार आधी बंद करून घेतलं. दार उघडं ठेवून माप घेण्याची चूक ते ह्या आठवड्यात दुसऱ्यांदा करणार नव्हते. दार लागायला जेवढी जागा हवी तेवढी सोडूनही टेबल बसत होतं. दिव्यालासुद्धा जागा होती.

आतून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्यामागून धाकटीचा.

"ताई, हे काय लिहिलंयस? पलंग खिडकीखाली? त्या कबुतरांच्या तोंडाशी मी झोपू? पलंग ह्या भिंतीला पाहिजे, खिळ्याच्या बाजूला. पुस तो तिथून." मग जरा आवाज चढवून, "आणि भावोजी, तुम्ही काय करताय तिकडे? माझ्यासाठी कोणी सरकायचं नाही, सांगितलंय मी!"

"सरकतोय कोण?" काका पट्टी गुंडाळत बोळातून म्हणाले. "तू आधी पलंगाचं काय ते नक्की कर. मला टेबल हलवायचंय."